खण नववा

I

शनिवारी सकाळी भट्टीचं दार उघडलं आणि भट्टीवाले काका हातमोजे घातलेले हात तसेच वर धरून दोन पावलं मागे सरले.

आत दोनशे चाळीस टाइल्स होत्या, लहान मुलांच्या इस्पितळातल्या एका अख्ख्या भिंतीसाठी. पाकळ्यांच्या नक्षीवर सगळ्या आभाळासारख्या निळ्या निघायच्या होत्या. पण झिलई मेणासारखी ओघळून खाली उतरली होती, भट्टीतल्या फळ्यांवर साचून काचेच्या डबक्यांसारखी गोठली होती आणि टाइल्स त्या डबक्यांत रुतून बसल्या होत्या. वरच्या कडा पांढऱ्याफटक आणि खालच्या काळपट. एकही टाइल धड नव्हती.

"आच जास्त लागली का हो?" मालकीणबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज इतका हळू होता की काकांना तो ओरडण्यापेक्षा जास्त लागला.

"आच बरोबर होती, बाई. मी जागचा हललो नाही."

मागून मास्तर आले. झिलईचा हा माणूस बत्तीस वर्षं या कारखान्यात होता. त्यांनी वाकून एका टाइलवरून बोट फिरवलं आणि उठता उठता म्हणाले, "काकांची चूक नाही. झिलई पळाली आहे. नवव्या खणातल्या पुडीच्या जागी अकराव्यातली पडलीय."

सगळ्यांच्या माना एकदम धाकटीकडे वळल्या.

धाकटी म्हणजे दोन बहिणींतली लहान. थोरली अठरा वर्षं इथे टाइल्सवर नक्षी रंगवत होती. धाकटी दोन वर्षांपूर्वी झाडलोट करायला आली. तिच्या डोळ्यांना रंगातला फरक असा काही दिसायचा की मास्तरांनी स्वतःच तिला झिलईच्या खोलीत मदतीला मागून घेतलं होतं. तीन महिन्यांपूर्वी तिचा झाडू सुटला आणि हातात माप आलं. मंगळवारी या निळ्या टाइल्सची झिलई तिनेच तोलली होती.

"मी नऊच उघडला होता," धाकटी म्हणाली. तिच्या ओठांचा रंग उडाला होता. "चला, दाखवते कुठला खण होता तो."

II

झिलईची खोली लहान. एका भिंतीला जमिनीपासून डोक्यापर्यंत लाकडी कपाट, त्यात बारा खण आणि प्रत्येक खणावर दोन स्क्रूंनी बसवलेली पितळी पट्टी. पट्ट्यांवर रोमन आकडे कोरलेले. ज्यांनी कारखाना काढला ते मालकीणबाईंचे सासरे संशयी स्वभावाचे होते. येणाऱ्याजाणाऱ्याला कुठल्या खणात काय आहे ते कळू नये म्हणून त्यांनी आकडे रोमन घातले आणि खणही ओळीने लावले नाहीत. तीनच्या शेजारी बारा, त्याच्या डोक्यावर सात. झिलईच्या कृतींच्या वहीतही तेच आकडे.

म्हणून इथे काम करायचं तर आधी आकडे शिकावे लागत. मास्तरांनी धाकटीला एकेक करून आठपर्यंत शिकवले होते. एक काडी म्हणजे एक, दोन म्हणजे दोन, तीन म्हणजे तीन. चौथी काडी मात्र लावायची नाही. पाचाला V, आणि त्याच्या डावीकडे एक काडी लावली की पाचातून एक वजा, झाले चार. उजवीकडे लावली की जमा, झाले सहा. शाळा चौथीत सुटलेल्या धाकटीला यात भलतीच मजा वाटायची. "काडी तीच, पण कुठल्या बाजूला उभी राहते त्यावर तिची किंमत," असं ती घरी थोरलीला सांगायची. थोरली भाजी चिरत राहायची.

आणि मास्तरांची एक ताकीद होती. जो आकडा शिकवला नाही, त्या खणाकडे बघायचंसुद्धा नाही. नऊ सोमवारी संध्याकाळी झाला आणि नववा खण मंगळवारी ती पहिल्यांदाच उघडणार होती.

आता ती दाराजवळ गेली, उकिडवी बसली आणि सगळ्यात खालच्या ओळीतल्या खणावर तिने हात ठेवला. "हा."

पट्टीवर XI होतं.

"एक्स म्हणजे दहा," मास्तर शांतपणे म्हणाले. "काडी उजवीकडे. किती झाले?"

धाकटी पट्टीकडे बघत राहिली. "अकरा," ती पुटपुटली. "पण मंगळवारी... मंगळवारी काडी डावीकडे होती."

कुणीतरी फस्सकन हसलं.

मास्तरांनी खिडकीजवळचा, खांद्याच्या उंचीवरचा खण ओढला. त्यावर IX होतं. आतली पांढरी पूड काठोकाठ आणि सपाट, कुणी बोटही न लावलेली. अकराव्या खणातली पूडही तशीच पांढरी, पण ती चार मापांनी खाली गेलेली. दिसायला दोन्ही सख्ख्या बहिणी. नवातली झिलईला धरून ठेवते, अकरातली तिला वितळवते.

"नऊ आणि अकरा," मास्तर म्हणाले, "शिकणाऱ्याचा नेहमीचा गोंधळ. तिला बोल लावू नका, बाई. माझंच चुकलं. घाई केली मी."

किती मोठ्या मनाचा माणूस, असं दोघातिघांच्या तोंडावर दिसलं. धाकटीने पुन्हा एकदा पट्टी वाचली, बोटाने काडी चाचपली, आणि तिचा चेहरा असा झाला की आता ती स्वतःवरच विश्वास ठेवणार नाही.

"मला वाचता येत नसेल मग," ती म्हणाली.

मालकीणबाईंनी डोळे मिटून घेतले. "सोमवारपासून तू झिलईत नको. पुढचं काय ते मी..."

"सोमवारची कशाला घाई?" दारातून आवाज आला. "मला आजचा दिवस दे."

III

दारात मालकीणबाईंची मावशी उभी होती, हातात ब्रश आणि कपाळावर हिरव्या रंगाचा फराटा. फाटकावरची पाटी नव्याने रंगवायला ती दोन दिवसांपासून शिडीवर होती. चाळीस वर्षं तिने दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या पाट्या रंगवल्या होत्या. शिडीवरच्या माणसाला सगळं ऐकू येतं आणि खालची माणसं त्याला विसरून जातात, असं ती म्हणायची. गावातल्या दोन चोऱ्या आणि एक मोडलेलं लग्न तिने अशाच शिडीवरून उलगडलं होतं.

"मावशी, यात उलगडायचं काय आहे?" मालकीणबाई म्हणाल्या. "पोर चुकली."

"चुकली असेल. पण चुकलेलं माणूस 'मी कुठला उघडला तो दाखवते' म्हणत सगळ्यांच्या पुढे धावत नाही."

तिने सगळ्यांना बाहेर काढलं, चष्मा पुसला आणि कपाटासमोर मांडी घातली. दहा मिनिटांनी तिने भाचीला आत बोलावलं.

"पट्ट्या किती?"

"बारा."

"स्क्रू चोवीस. त्यातल्या विसांच्या खाचांत काळं जमलंय, माझ्या जन्माच्या आधीचं असावं. चार स्क्रूंच्या खाचा चकाकतायत. सांग कुठल्या पट्ट्यांच्या?"

मालकीणबाईंनी वाकून पाहिलं. नऊच्या दोन आणि अकराच्या दोन.

"म्हणजे पट्ट्यांची अदलाबदल केली कुणीतरी! आणि नंतर पुन्हा जागच्या जागी लावल्या!"

"मीही तेच म्हटलं. मग काढून पाहिल्या." मावशीने नवाची पट्टी अकराच्या खणावर धरून दाखवली. पट्टीची भोकं आणि लाकडातली भोकं यांत बोटभर अंतर. "हाताने पाडलेली भोकं आहेत ही. प्रत्येक पट्टीची वेगळी. ही पट्टी या खणावर बसूच शकत नाही, आणि लाकडाला दुसरं भोक नाही."

"मग स्क्रू काढून कुणी केलं काय?"

"तेच तर," मावशी म्हणाली. "पट्ट्या हलल्या, पण जागा सोडली नाही त्यांनी."

भट्टीवाल्या काकांकडे ती आधी गेली. काका भट्टीशेजारच्या बाकावर हात लोंबते सोडून बसले होते.

"तुमचा स्क्रूड्रायव्हर कुठे असतो?"

"हा काय, खिळ्याला. कुणीही नेतो, कुणीही आणतो. मंगळवारी सकाळी नव्हता, दुपारी आला. संध्याकाळी पुन्हा नव्हता." मग ते कडवट हसले. "माझ्यावर संशय असेल तर खुशाल घ्या. पाहुणे आले की म्हणतात, वा, काय रंग! वा, काय नक्षी! आगीचं नाव कुणी काढत नाही. मला वाटतं कधीकधी, या सगळ्यांचं एकदा करपावं. पण म्हणून मी माझी भट्टी खराब करीन? त्या फळ्या मी हाताने घासतो, मावशी. आता छिन्नीने फोडाव्या लागतील."

मावशीने मान डोलावली. स्वतःच्या मनातला हेवा असा उघडा मांडणारा माणूस तिला खरा वाटला. मग ती थोरलीकडे गेली. थोरलीने मान वर न करताच सांगितलं, "मला काही दिसलं नाही."

मावशीने अजून काही विचारलंच नव्हतं.

IV

थोरली पाकळी रंगवत होती. हात स्थिर होता, पण पाकळी नेहमीपेक्षा जाड येत होती.

"तुला बहिणीचं वाईट वाटत नाही?" मावशी शेजारच्या स्टुलावर टेकली.

"वाटतं की." थोरलीने ब्रश पाण्यात बुडवला. "सगळ्यांना मीच केलंय असं वाटतंय ना? वाटू दे. कारण मी लपवलेलंच नाही. अठरा वर्षं मी इथे आहे. झिलईच्या खोलीत मला कुणी कधी बोलावलं नाही. हिला मीच आणली, झाडायला. मालकीणबाईंना मीच म्हटलं होतं, गरीब आहे, घ्या. आणि गेल्या महिन्यात इस्पितळाचे लोक आले तेव्हा बाईंनी काय सांगितलं? हा निळा आमच्या नव्या मुलीने बसवला! नवी मुलगी! माझ्या नक्षीवरच तो निळा लावून दाखवत होते. नक्षी कुणाची ते कुणी विचारलं नाही."

"घरी बोलता का दोघी?"

"ती बोलते. जेवताना ताटात बोटाने आकडे काढते. ताई, बघ ना, चौदा कसे लिहायचे. मी परवा तिचा सरावाचा कागद चुलीत घातला. चुकून नाही. मुद्दाम."

 मावशीचीही एक बहीण होती, मालकीणबाईंची आई. तिचं अक्षर मावशीपेक्षा सुरेख होतं आणि तिने आयुष्यात एकही पाटी रंगवली नाही. त्या अक्षराचा राग मावशीने किती वर्षं धरला होता ते तिचं तिलाच ठाऊक.

"मंगळवारी सकाळी झिलईच्या खोलीकडे गेली होतीस?"

ब्रश थांबला. "सोनेरी रंगाची वाटी आणायला गेले होते. पावणेनऊला. दार लोटलेलं होतं, म्हणून परत आले."

"आत कोण होतं?"

"सांगितलं ना, काही दिसलं नाही."

ती उठली आणि वाटी धुवायला गेली. वाटी स्वच्छच होती.

V

धाकटी मागच्या अंगणात पायरीवर बसली होती. मांडीवर एक चौकोनी वही.

"मंगळवारी काय काय झालं ते सांग. मास्तर कुठे होते, तू कुठे होतीस, सगळं."

"मास्तर काट्याशी होते. खोलीच्या मधोमध. मी माप भरून पारड्यात टाकायचं आणि त्यांनी चिठ्ठीवर रेघ मारायची. त्यांचा नियमच आहे तो, रेघ मारल्याशिवाय दुसरं माप घ्यायचं नाही. मग शेवटी सही. नवाची चार मापं झाली. त्या खालच्या खणातून चार वेळा बसून उठून माझे गुडघे भरून आले होते, म्हणून चांगलं आठवतंय." ती थांबली. "पण आठवून काय उपयोग? पट्टी तर अकराचीच आहे."

"वहीत काय आहे?"

धाकटीने संकोचत वही पुढे केली. शिकलेल्या प्रत्येक आकड्याच्या पट्टीवर कागद धरून तिने पेन्सिल घासली होती, तसा आकड्याचा ठसा उमटला होता. खाली आपल्या अक्षरात १, २, ३ असं लिहिलेलं. आठ पानं, आठ आकडे. नवव्या पानावर IX, आणि खाली ९.

"हा कधी घेतलास?"

"मंगळवारीच. दुपारच्या सुट्टीत."

मावशीने वही डोळ्यांजवळ नेली. मग ती उठली, झिलईच्या खोलीत गेली, खिडकीजवळच्या नवाच्या पट्टीवर तिने कोरा कागद धरला आणि पेन्सिल घासली. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून तिने मालकीणबाईंना हाक मारली. धाकटीही मागोमाग आली.

"दोन्हीकडे IX आहे," मालकीणबाई म्हणाल्या.

"एक्सकडे बघा. चांगला कोरणारा एक्सची फुली बरोबर मध्यावर कधी घेत नाही. थोडी वर घेतो. म्हणजे डोकं लहान राहतं आणि पाय फाकलेले, अक्षर नीट उभं राहिल्यासारखं वाटतं. या आत्ताच्या कागदावर बघा, डोकं लहान. पोरीच्या वहीत?"

वहीतल्या एक्सचं डोकं मोठं होतं आणि पाय आखूड.

"हा एक्स डोक्यावर उभा आहे," मावशी म्हणाली. तिने वही हळूच फिरवली, वरची बाजू खाली. आता एक्सचे पाय फाकले, डोकं लहान झालं, आणि काडी डावीकडून उजवीकडे गेली.

कागदावर XI होतं.

धाकटीने तोंडावर हात ठेवला.

"पट्टीने जागा सोडली नाही," मावशी म्हणाली. "ती जागच्या जागी उलटी झाली. अकरा उलटा केला की नऊ दिसतो, नऊ उलटा केला की अकरा. भोकं तीच, स्क्रू तेच. सकाळी उलट्या केल्या, संध्याकाळी पुन्हा सरळ. आणि मधल्या वेळात ही पोर आली आणि तिने अगदी बरोबर वाचलं. अगं, हिला नीट वाचता येतं हे ज्याला पक्कं माहीत होतं, त्यानेच हे केलं. हिच्या चुकण्यावर त्याचा भरवसा नव्हता."

"कोण?" मालकीणबाईंनी विचारलं.

"मंगळवारची चिठ्ठी आण. आणि सगळ्यांना बोलाव."

VI

छोट्या खोलीत सगळे दाटीवाटीने उभे राहिले. मावशीने उलट्या पट्टीची गोष्ट सांगितली तेव्हा भट्टीवाल्या काकांनी थोरलीकडे पाहिलं, आणखी दोघांनी पाहिलं, आणि थोरलीने कुणाकडेच पाहिलं नाही.

"अरे अरे," मास्तर म्हणाले. "इतका जळफळाट! स्वतःच्या बहिणीचा!"

"मास्तर, ही चिठ्ठी तुमचीच ना? नवासमोर चार रेघा. खाली सही."

"माझीच. पण मावशी, मी मापं मोजतो. काट्याचा काटा बघतो. माप कुठल्या खणातून आलं ते कुठे बघत बसू? समोर आकडा बरोबर दिसत असणार, मीही फसलो."

"बरोबर आहे. माझी एक हौस पुरवा. इथे काट्याजवळ उभे राहा, डोळे मिटा आणि मला नववा खण उघडून द्या."

मास्तर हसले. बत्तीस वर्षांचा अभिमान त्या हसण्यात होता. त्यांनी डोळे मिटले, दोन पावलं टाकली आणि हात सरळ खांद्याच्या उंचीवर नेऊन खिडकीजवळचा खण अचूक ओढला.

"अकरावा?"

तीन पावलं दाराकडे, गुडघे वाकले, हात जमिनीलगत. अकरावा.

खाली बसलेल्या मास्तरांनी डोळे उघडले आणि मावशीचा चेहरा पाहिला. उठायला त्यांना जरा वेळ लागला.

"तुम्हाला पट्ट्यांची गरजच नाही," मावशी म्हणाली. "नऊ खिडकीपाशी, वर. अकरा दारापाशी, खाली. पट्टी कुणीही उलटी केली असो. मंगळवारी ही पोर नवाच्या मापासाठी तुमच्या पायाशी चार वेळा बसली आणि उठली. दर वेळी तुम्ही रेघ मारलीत. खांद्याजवळचं माप जमिनीवरून येतंय हे काट्याकडे बघतानासुद्धा कळतं, मास्तर. दुसऱ्या कुणी हा खेळ केला असता तर पहिल्याच मापाला तुम्ही ओरडला असतात."

"मी... त्या दिवशी माझं लक्ष..."

"चारही वेळा?"

मास्तर उघडा खण ढकलून बंद करू लागले.  मग थोरली बोलली.

"मी पाहिलं होतं. दार लोटलेलं होतं, पण फट होती. मास्तर खाली बसून पट्टीशी काहीतरी करत होते. हातात स्क्रूड्रायव्हर. मला पाहून म्हणाले, पितळ पुसतोय. अठरा वर्षांत त्यांना पितळ पुसताना मी पाहिलेलं नाही."

मास्तर कपाटाला टेकले. एकाएकी ते फार म्हातारे दिसायला लागले.

"हिला मी शिकवलं," ते म्हणाले. मालकीणबाईंशी नव्हे, कपाटाशी बोलल्यासारखे. "मी मागून घेतलं हिला. मला वाटलं, माझं काम पुढे नेईल. मग तो निळा. अकरा वर्षं मी त्या निळ्याच्या मागे होतो. वहीत पानंच्या पानं आहेत. हिने जस्त चिमूटभर वाढवलं आणि म्हणाली, मास्तर, हा बघा. बाईंनी पाहुण्यांना हिचं नाव सांगितलं. तेही मी गिळलं." त्यांनी धाकटीकडे पहिल्यांदा पाहिलं. "सोमवारी संध्याकाळी हिला नऊ शिकवायला बसलो. एवढंच म्हटलं की एक्स म्हणजे दहा. ही म्हणाली, मग डावीकडे काडी लावली की नऊ, हो ना? आणि उजवीकडे अकरा, बारा, तेरा. चौदा कसे होतील तेही तिनेच सांगितलं. मी तोंडही उघडलं नव्हतं. मला नऊ समजायला दोन महिने लागले होते, बोटांवर छडी खाऊन. घरी गेलो तर जेवण जाईना. आता हिला माझी गरज काय? हिला एकदा, फक्त एकदा चुकलेलं बघायचं होतं मला."

"दोनशे चाळीस टाइल्स, मास्तर," मालकीणबाई म्हणाल्या. "मुलांच्या भिंतीच्या."

"एवढ्या जातील असं वाटलं नव्हतं. तोलताना थांबवीन असं ठरवलं होतं. पहिल्या मापाला थांबवीन म्हटलं. मग दुसऱ्या." त्यांनी मान खाली घातली. "ती इतक्या नेटकेपणाने भरत होती ना मापं."

VII

मास्तरांना कुणी जा म्हटलं नाही. त्यांनीच खिशातून खोलीची किल्ली काढून काट्याच्या पारड्यात ठेवली. जाताना धाकटीसमोर ते क्षणभर थांबले आणि मग गेले. धाकटीला त्यांचा राग यायला हवा होता. पण तिला रडूच आलं. चौथीनंतर कुणी तिला काही शिकवलं असेल तर ते याच माणसाने.

मालकीणबाईंनी तिची माफी मागितली, सगळ्यांच्या देखत. इस्पितळाला फोन करून त्यांनी दहा दिवस वाढवून घेतले. काका छिन्नी घेऊन भट्टीत शिरले. मावशी पुन्हा शिडीवर चढली, कारण पाटीची अर्धी ओळ वाळून गेली होती.

संध्याकाळी दोघी बहिणी घरी निघाल्या. एरवी त्या शेजारी शेजारी चालायच्या. आज थोरली दोन पावलं मागे होती. बेकरीच्या कोपऱ्यावर धाकटी थांबली.

"ताई, तू मंगळवारी का नाही बोललीस?"

"तेव्हा मला कळलं नव्हतं ते काय करतायत."

"आज सकाळी कळलं होतं. मी सगळ्यांसमोर उकिडवी बसून अकरा वाचत होते तेव्हा तर कळलं होतं."

थोरलीने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. सांगण्यासारखी दोनतीन कारणं तिच्याजवळ होती, वाटेत जुळवलेली. त्यातलं एकही तिने सांगितलं नाही.

"मला बरं वाटलं," ती म्हणाली.

रस्त्याने दोन सायकली गेल्या. धाकटी तिच्याकडे बघतच राहिली. तिने रागाची वाट पाहिली, पण आधी दुखलं.

"किती वेळ बरं वाटलं?"

"तू म्हणालीस ना, मला वाचता येत नसेल मग. तोवर." थोरलीचा आवाज फुटला. "तू तसं म्हणालीस आणि ते बरं वाटणं तिथेच संपलं. तरी मी गप्प बसले. तासन् तास गप्प बसले. तूच सांग आता मी काय करू."

 धाकटी पुढे चालू लागली, भराभर, आणि थोरली तिच्या मागून. गल्लीच्या तोंडाशी धाकटीचा वेग कमी झाला. वळून न बघताच ती म्हणाली,

"आज माझ्याशी बोलू नकोस. उद्याही नको. पण सोमवारी टाइल्स रंगवायला लवकर ये. दोनशे चाळीस आहेत, आणि ती पाकळी तुझ्याशिवाय कुणाला येत नाही."

थोरली बरं म्हणाली. मग तिला आठवलं की बोलायचं नाहीये. ती गप्प झाली आणि दोन पावलं मागे राहून चालत राहिली.